मायाक्काची तीट

मायाक्का राक्षसाला तीट लावायची. लहान लेकराला दृष्ट लागू नये म्हणून लावतात तशी, काळी, मोहरीहून बारीक. पंखाखाली, मानेच्या मागे, सहज दिसणार नाही अशा जागी. मग त्याला तळहातावर घेऊन एक फुंकर मारायची आणि खोक्यात निजवायची.

शिरवळला हायवेच्या पलीकडे एक शेड आहे. तिथे आम्ही बारा बायका प्लास्टिकच्या सोंगट्या रंगवतो. परदेशात मोठी माणसं टेबलाभोवती बसून फाशांचा खेळ खेळतात, त्या खेळातल्या. योद्धे असतात, जादूगार असतात, पण सगळ्यात जास्त मागणी त्या बोटाएवढ्या राक्षसाला. तोंडाच्या जागी लोंबणाऱ्या सोंडा, पाठीला वटवाघळाचे पंख, पोट सुटलेला, उकिडवा बसलेला. पहिल्या दिवशी मी त्याच्याकडे न बघता रंगवायला गेले आणि हिरवा रंग टेबलाला लागला. शेजारच्या स्टुलावरून मायाक्का म्हणाली, "आगं, त्येच्या तोंडाकडं बघ की. आपुन तोंड फिरवून दुसऱ्याचं तोंड धुता येतं व्हय?"

ती जतकडची, धनगराची. पन्नाशी उलटलेली. नवरा गेला, मेंढरं विकली, तेव्हा कामासाठी इकडे आली. माझ्या खोलीच्या पुढच्या गल्लीत एकटी राहायची.

शेडच्या साहेबांनी एकदा जेवणाच्या सुट्टीत राक्षसाची गोष्ट सांगितली. तो समुद्राच्या तळाशी झोपलेला आहे. जागा झाला की जग संपणार. जो त्याला बघेल त्याला वेड लागतं. त्याचं माणसांशी वैर मात्र नाही. माणसं आहेत, हेच त्याच्या गावी नाही.

मायाक्का भाकरी मोडत म्हणाली, "बघणारी येडी हुत्यात, त्यात त्येचा काय गुन्हा? त्यो बापडा निजलाय."

"आक्का, जावई हाय का गं तुझा?" आमच्यातली शेवंता म्हणाली.

"जावई असता तर एवढा निजू दिला असता व्हय?"

मी चारचौघींत बोलत नाही. जीभच उचलत नाही. पण एकदा ती तीट लावत असताना माझ्या तोंडून निघालं, "आक्का, ह्याला कुणाची दृष्ट लागणार?" सगळ्या हसल्या. माझ्या बोलण्यावर कधी कुणी हसलं नव्हतं, मला बरं वाटलं. मायाक्का हसली नाही. तिने ब्रश धुतला आणि पुढचा राक्षस हातात घेतला.

घरी चालत येताना म्हणाली, "सुमन, माझी सासू बी ह्येच म्हणली व्हती."

तिला मुलगा झाला होता. ओठ नाकापर्यंत फाटलेला, एक डोळा मिटलेलाच. बाहेर नेताना सासू त्याच्या तोंडावर पदर टाकायला लावायची. "बारशादिवशी म्या काजळाची डबी घेतली, तर म्हणली, ठिव ती, ह्याला कुणाची दिष्ट लागायची? म्या ठिवली." सात महिन्यांचा होऊन तो गेला. "दिष्टीनं न्हाई गेला. तापानं गेला, मला कळतंय. पर तीट लावली असती, तर आपुन बी लेकरू हाय, एवढं तरी त्येला कळलं असतं." थोडं चालून म्हणाली, "सासूचं काय न्हाई गं. डबी माझ्या हातात व्हती."

मला तिची माफी मागता आली नाही. पुढे तिचा हात कापायला लागला, ठिपका पसरायला लागला. तेव्हा मी न बोलता राक्षस माझ्याकडे ओढून घेतला आणि तीट लावून परत दिला. फुंकर ती मारायची. असे कितीतरी दिवस गेले.

मग एक दिवस माल परत आला. साहेबांनी टेबलावर भिंग ठेवलं. "प्रत्येकाच्या मानेवर काळा ठिपका आहे. कुणी केलंय हे? जिनं केलंय तिला उद्यापासून काम नाही."

त्या मालावरचे सगळे ठिपके माझे होते. माझी पोरगी दहावीला होती आणि घरात मिळवणारी मी एकटी. मी खाली बघत राहिले.

मायाक्का उठली. "म्या लावली. खोड हाय माझी."

"सगळ्यांना?"

"सगळ्यास्नी. एका लेकराला लावून दुसऱ्याला तसंच ठिवत्यात व्हय?"

साहेबांनी तिच्या कापणाऱ्या हाताकडे बघितलं. मला वाटलं, आता त्यांना कळणार. असल्या हाताने इतका गोल ठिपका येत नाही. ते म्हणाले, "मावशी, उद्यापासून येऊ नका."

फाटकापाशी ती मला म्हणाली, "गप बसलीस ते बरं केलंस. पोरीचं शिक्षान हाय." ती हे मनापासून म्हणाली. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

ती जतला भावाकडे गेली. मी येते येते म्हणत राहिले. दीड वर्षाने भावाचा फोन आला, आक्का गेली. तेव्हा मी गेले.

भावाच्या घरात देवांच्या शेजारी कोनाड्यात तो राक्षस बसलेला होता, परत आलेल्या मालातला, तिने जाताना बरोबर नेलेला. भाऊ म्हणाला, "ह्ये आमी टाकून देणार हाय. तुमाला पायजे का?"

मी त्याला उलटा करून बघितला. पंखाखाली, मानेच्या मागे माझा ठिपका होता. आणि पुढे, गालावर, सगळ्यांना दिसेल असा दुसरा. काजळाचा, मोठा, वाकडा, पसरलेला. तिच्या हाताचा.

मी भावाला म्हणाले, "दादा, शेडमधले ते ठिपके माझे होते. आक्काचे नव्हते."

तो म्हणाला, "व्हय का," आणि पाण्याचा टँकर आला म्हणून घागर घेऊन बाहेर गेला.

राक्षस पदरात घेऊन मी एसटीत बसले. शेजारच्या बाईने विचारलं, "काय हाय त्यात?" मी पदर बाजूला केला. तिने बघितलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

मी पदर परत टाकला नाही. शिरवळ येईपर्यंत त्याला तसाच उघडा मांडीवर धरून बसले.