आज दळण नाही का?

त्याने पेजर घेतला तेव्हा मी त्याला वेड्यातच काढलं होतं. वागळे इस्टेटमध्ये झेरॉक्स मशीन दुरुस्त करत फिरणाऱ्याला एवढा थाट कशाला? पण पेजर कंपनीचं पत्रक त्याला तोंडपाठ होतं. निरोप थेट ज्याच्या त्याच्या खिशात, मध्ये कोणी नाही. आमच्या डोंबिवलीच्या घरी फोन बाहेरच्या खोलीत, त्याच्या घरी फोनच नाही. दोघांची जात वेगळी, आणि ठाण्याच्या विवाह नोंदणी कचेरीत आम्ही लग्नाची महिन्याच्या मुदतीची नोटीस देऊन आलेलो. महिनाभर घरी कळता कामा नये, एवढंच जपायचं होतं. पत्रकावर विश्वास ठेवणं मला सोयीचं होतं.

मध्ये एक मुलगी होती. फोन लावला की ती उचलायची, पेजरचा नंबर आणि निरोप विचारायची, इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. मला ती यंत्राचाच भाग वाटायची. आमचा ठरलेला निरोप होता, 'दळण आण'. म्हणजे सहा वाजता तलावपाळीला ये. या युक्तीवर मी फार खूश होते. दळणावर कोण संशय घेणार?

मुदतीचे आठ दिवस उरले होते. माझं अंग मोडून आलेलं, म्हणून ऑफिसातून फोन करून सांगितलं, 'उद्या भेटू' असं लिहा.

"आज दळण नाही का, ताई?" पलीकडून विचारलं.

मी ऑफिसात इकडेतिकडे पाहिलं. ती हसली. "मी पण डोंबिवलीची. तुमच्या मागच्याच गल्लीत, गेल्या महिन्यात राहायला आलोय. परवा तुम्ही भाजीवाल्याशी भांडत होता ना, तेव्हाच आवाज ओळखला."

त्याला सांगितलं तर म्हणाला, "अगं, कंपनी आहे ती, चावडी नाही. कशाला घाबरतेस?" मी घाबरलेच होते. त्यानंतर पेजरला फोन केला नाही.

शनिवारी आई संक्रांतीच्या हळदीकुंकवाहून आली. तिळगुळाची पुडी तिने ओट्यावर ठेवली.

"मागच्या गल्लीत नवीन आलेली बाई भेटली," ती म्हणाली. "रुसली होती माझ्यावर. लेकीचं लग्न केलंत आणि शेजारी सांगितलं पण नाहीत म्हणे. तिची पोरगी पेजर कंपनीत आहे. तुझं कौतुक करते घरी. कोपऱ्यावरच्या ताई नवऱ्याला रोज दळणाची आठवण करतात म्हणून."

पोरीने चुगली केली नव्हती. संसारी बाईचं कौतुक केलं होतं. तिच्यावर धड रागावताही येईना.

आईने पिठाचा डबा उघडून पाहिला. तो काठोकाठ भरलेला होता. तरी तिने गव्हाची पिशवी घेतली.

"यापुढे दळण मी आणीन," ती म्हणाली, आणि जाताना दाराला बाहेरून कडी घातली.