जावयाचा ड्रम आणि माझा चहा

मंडळी, मी वरातीत ढोल वाजवतो. दिवाळीत आमचे जावई सगळ्यांसमोर म्हणाले होते, "बाबा, वरातीत ढोल बडवणं वेगळं, रॉकचा ड्रम वेगळा." ते मी विसरलो नव्हतो.

आज नरोलीला त्यांच्या घरी वाद निघाला, सध्याचा सगळ्यात भारी रॉक ड्रमर कोण. त्यांचं म्हणणं, ज्याचा हात सगळ्यात जलद. मी म्हणालो, "ज्याचा संथ ठेका पळत नाही, तो. ठेका पळाला की वरातीतला घोडा बिथरतो. माझा चहा संपेपर्यंत संथ ठेका धरून दाखवा."

जावईबापू ड्रमवर बसले. मी चहा बशीत ओतून निवांत फुंकर मारत राहिलो. अर्ध्या कपातच ठेका पळाला, त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून धरला.

"बाबा, संपवा की आता," ते घाम पुसत म्हणाले.

मी लेकीकडे दुसरा कप मागितला. सांगा, माझं चुकलं का?