माजघरात ऐकलेली वाद्ये

आश्विनातलं कोवळं ऊन अंगणातल्या ओल्या चिऱ्यांवर पडलं, की त्यांतून एक ऊबदार, मातकट वास उठतो. रत्नागिरीच्या सासरघरी, लग्नानंतरच्या पहिल्या आश्विनात, त्या वासाच्या संगतीने मी वाद्यांची स्पॅनिश नावं शिकले. हसू आलं ना? मलाही येतं, पण त्या हसण्याच्या तळाशी लाजच अधिक आहे.

माझे धाकटे दीर बोटीवर कारकून होते. दक्षिण अमेरिकेच्या कुठल्याशा बंदरातून त्यांनी एक सचित्र पुस्तक आणलं होतं, आणि रजेवर आले की ओटीवर बसून ते मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, त्यातले शब्द मोठ्या हौसेने म्हणून दाखवीत. फ्लाउता म्हणजे बासरी, तांबोर म्हणजे ढोल! मामंजी आपल्या भारदस्त आवाजात तेच शब्द संध्येतल्या मंत्रांसारखे घोळवीत. मी माजघरात, दाराआड, तांदूळ निवडत ऐकत असे. समोर न येता मिळवलेली ती विद्या! एकदा पुस्तक आत राहिलं, तेव्हा मी चित्रं पाहिली आणि आकोर्देओनपाशी, म्हणजे गळ्यात अडकवून वाजवायच्या अकॉर्डियनपाशी, जीव अडकला. तसाच भाता, तशाच काळ्यापांढऱ्या पट्ट्या. माहेरी मी पेटी वाजवत असे.

सासरी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पेटी वाजवणारी मुलगी म्हणजे नाटकवाल्यांतली, असा तेव्हाचा समज. म्हणून मला पाहायला मंडळी आली तेव्हा वडिलांनी पेटी शेजारी नेऊन ठेवली आणि मुलीला विणकाम येतं असं सांगितलं. त्या दिवसापासून मला माझ्याच बोटांची लाज वाटू लागली. केवढी विपरीत गोष्ट! सातासमुद्रापलीकडची नावं मी मनातल्या मनात अस्खलित म्हणत असे, आणि पेटी हा आपला घरचा शब्द मात्र ओठांवर येत नसे.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातला प्रत्येकजण आपापल्या कामाचं साधन पूजेला मांडतो. मामंजींनी लिहिण्याचा टाक ठेवला, भावोजींनी ते पुस्तक, सासूबाईंनी विळी. आणि मामंजींनी सहज विचारलं, सूनबाईंचं काय ठेवायचं? विणकामाच्या सुया ट्रंकेत होत्या. त्या आणून ठेवल्या असत्या तर विषय तिथेच मिटला असता. पण पूजेच्या पाटावर खोटं कसं मांडायचं?

"माझी पेटी माहेरी आहे," मी म्हटलं. कान तापले, आणि मान जी खाली गेली ती वर येईना. नाटकवाली म्हणून आता आपली रवानगी होणार, एवढंच मनात येत होतं.

सासूबाई तबक घेऊन उठल्या आणि माझ्यापुढे येऊन बसल्या. "पेटी नाही तर नाही हो. बोटं तर इथेच आहेत ना?" म्हणाल्या, आणि माझे हात पुढे ओढून एकेका बोटाला त्यांनी हळदकुंकू लावलं. लाजेने हात मागे घ्यावेसे वाटत होते. मी घेतले नाहीत.