सालेहाबीने लपवलेलं पाकीट

शहाद्याच्या एका प्रसूतिगृहात सालेहाबी सत्तावीस वर्षं आया आहे. अर्ध्या गावाची नाळ तिच्या डोळ्यांदेखत कापली गेली. आडवं आलेलं मूल, न थांबणारं रक्त, तावातावाने भांडणारी सासू, कशालाच बाई भीत नसे. ती घाबरली एका कागदाला, आणि अशी घाबरली की तीन दिवस सख्ख्या नातीला तिने जवळ केलं नाही.

त्याचं असं झालं. बाळंतीण तयार असेल तर नाळेतलं रक्त पिशवीत घेऊन पुण्याच्या एका नाळरक्त-बँकेला दान पाठवायचं, असं दवाखान्यात वर्षभर चालू होतं. धर्मचंद कापडवाल्याची नेहल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तिनेही सही केली. मागाहून ट्रे आवरताना नाळेतलं रक्त काढलेली सुई सालेहाच्या अंगठ्यात गेली. डॉक्टरीणबाई ओरडतील म्हणून तिने अंगठा नळाखाली धरला आणि मिठाची गुळणी धरून बसली.

महिन्याने बँकेचं पाकीट आलं. सालेहाला इंग्रजीतल्या दोनच गोष्टी ओळखू येत. एक पिशवीवरचा नंबर, दुसरी भिंतीवरच्या पोस्टरातली ती तीन अक्षरं, एचआयव्ही. कागदावर नंबर नेहलचा होता आणि खाली ती अक्षरं चार वेळा. पोरीचा संसार गेला, आणि आपणही गेलो. पाकीट तिने घरी तांदळाच्या डब्यात खुपसलं, आपलं ताट-पेला वेगळा काढला. पाच वर्षांची नात अलिशा गळ्यात पडायला आली की ती खेकसायची, आणि मग न्हाणीत जाऊन रडायची. जवळ घेतल्याने काही होत नसतं, हे इतकी वर्षं तीच बायकांना सांगत आली होती. स्वतःवर आलं तेव्हा ते शहाणपण कुठे पळालं, कोण जाणे.

चौथ्या दिवशी सकाळी बँकेचा फोन आला, पत्राला उत्तर का नाही म्हणून. सालेहाने मान खाली घालून सगळं कबूल केलं. डॉक्टरीणबाई आधी भडकल्या, मग कपाळाला हात लावून बसल्या. नेहलचं रक्त बाळंतपणाआधीच तपासलेलं, त्यात काही नव्हतं. पत्र बाळाबद्दल होतं. आपल्याकडे लाखात एखाद्याला आईबाप दोघांकडून असा गुण मिळतो, की एचआयव्हीला रक्तात शिरायला सहसा वाट सापडत नाही. बँक दानाच्या पिशव्यांत तेच शोधत होती, आणि नेहलच्या बाळात ते दिसलं होतं. हा रोग आणि रक्ताचा कॅन्सर, दोन्ही असलेला एक पेशंट दोन्हींतून सुटायला अशाच रक्तासाठी अडून होता. पण खात्री करायला बाळाचं ताजं रक्त हवं होतं, आणि नेहल तर आजच राजस्थानला सासरी निघायची होती.

सालेहा धावतच सुटली. टिळा लावून उंबरा ओलांडला की त्या घरातली माणसं माघारी फिरत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. धर्मचंदच्या दारात गाडी उभी होती आणि न्यायला आलेल्या सासूबाई, गवराबाई, टिळ्याचं ताट घेऊन थांबल्या होत्या. ती तीन अक्षरं इथे तोंडातून निघाली असती तर पुढचं कुणी ऐकलंच नसतं, पोरीला जन्माचा डाग लागला असता. न बोलावं तर तिकडे एक जीव जायचा. बाळाची बेंबी एकदा बघते, असं पुटपुटत तिने नेहलला आतल्या खोलीत नेलं, कडी लावली आणि कानाशी सगळं सांगितलं. पाकीट लपवल्याचंही.

नेहल पांढरीफटक पडली. बाहेरून गवराबाई हाका मारत होत्या, मुहूर्त टळत होता.

"मावशी, म्हंजे मन्हा पोऱ्याले धोका नही शे?"

"त्याले नही, बेटा. भ्याव तुले नि माले शे, लोके काय म्हनतीन यानं."

नेहलने डोळे पुसले, दार उघडलं आणि सासूशी जन्मात पहिल्यांदा खोटं बोलली. बाळाची बेंबी ओली दिसते, दवाखान्यात दाखवूनच निघू. गवराबाईंनी ताट खाली ठेवलं, चपला घातल्या आणि त्याही सोबत निघाल्या; म्हणजे ती तीन अक्षरं आता दवाखान्यातही त्यांच्या कानाआड ठेवायची होती.