एकावन्न नंबरचा बिल्ला

सकाळी सात वाजता यादी यायची. आमच्या 'रांग' नावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, रोज, सणवार न बघता... चालू कोण, पुढे कोण, त्यांच्यामागे कोण. दोन महिन्यांपूर्वी एका मंगळवारी सात वाजून गेले, सव्वासात झाले, यादी नाही. पुढच्या पंधरा मिनिटांत मला चार फोन आले आणि चौघांचा प्रश्न एकच, "सर, यादी काऊन नाई आली?" पावणेआठला यादी पाठवणाऱ्या मनोहरभाऊंच्याच नंबरवरून निरोप आला, पण तो लिहिला होता माहेरी आलेल्या त्यांच्या मुलीने, ज्योतीने. मनोहर उगेमुगे गेले. झोपेत, कोणाला न उठवता. आयुष्यभर ज्या माणसाने कोणाला नंबर सोडून पुढे जाऊ दिलं नाही, तो स्वतः असा न सांगता पुढे निघून गेला! मला रडू यायच्या आधी त्यांचा रागच आला.

हिंगणघाटच्या आमच्या कॉलेजात महासंगणक आहे, असं मी लग्नकार्यात पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. खरं म्हणजे तो महासंगणकांच्या घराण्यातला लांबचा गरीब चुलतभाऊ आहे. एका मोठ्या विद्यापीठाने नवा घेतला आणि जुना आम्हाला दिला. तो टेम्पोतून आला त्या दिवशी मी रसायनशास्त्राचा तास सोडून फाटकापर्यंत पळत गेलो होतो. लोखंडी कपाटात रचलेले बारा डबे, मागे वायरींचा गुंता. पण घरच्या संगणकाला वर्ष लागेल असं गणित हे बारा जण वाटून घेतात आणि महिन्याभरात हातावेगळं करतात. मोठ्या यंत्रांवर वेळ मिळवायचा तर अर्ज, शिफारस आणि वाट पाहणं. त्यामुळे आमच्या कपाटाची बातमी पसरली आणि देवळी, आष्टी, वर्धा, सगळीकडचे संशोधक आपापली गणितं घेऊन येऊ लागले. म्हणजे रांग आली. आणि रांग आली म्हणजे मनोहरभाऊ आले.

ते आमच्या प्रयोगशाळेचे सहायक. त्याआधी तरुणपणी एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या गिरणीच्या, आवारात कापसाच्या बंड्यांना, बैलगाड्यांना, नंबर द्यायचं काम करत. जिनिंग बंद पडली तेव्हा तिथले पत्र्याचे गोल बिल्ले भंगारात निघाले होते, ते यांनी पोतंभर उचलून आणले. संगणकाच्या पोटात त्याची स्वतःची रांग असते, कोणाचं गणित कधी घ्यायचं ते तो ठरवतो. पण मनोहरभाऊंनी भिंतीवर फळी ठोकली, फळीवर खिळे ठोकले आणि प्रत्येक संशोधकाला एकेक बिल्ला दिला. मी म्हटलं, "भाऊ, संगणकाला सगळं कळतं, ही जत्रा कशाला?" तर म्हणाले, "मशीनले कळते, सर. पण ज्याचा नंबर हाये त्याले दिसलं पाह्यजे. नाई दिसलं की माणूस बोंबलते."

मी बोंबललोच. माझं पहिलं गणित मी ऐटीत टाकलं, बाराच्या बारा डबे आणि पूर्ण तीस दिवस मागून. तीन आठवडे माझा बिल्ला जागचा हलला नाही आणि माझ्यानंतर आलेली देवळीची वैशाली, सोयाबीनच्या रोगावर काम करणारी पोरगी, दोनदा पुढे निघून गेली. मी तणतणत खोलीत शिरलो. "हा उघड अन्याय आहे!" मनोहरभाऊ चहा फुंकत होते. "सर, तुमी ट्रक घेऊन आले. ट्रकले सारं आवार रिकामं लागते. ते पोरगी बंडी घेऊन येते, दोन ट्रकाच्या मधून निघून जाते. ट्रक फोडा, बंड्या करा." मी गणिताचे अठरा तुकडे केले आणि दिवाळीच्या आत मोकळा झालो! जगभरातले तज्ज्ञ ज्याच्यावर भलेमोठे लेख लिहितात ती युक्ती मला एका माणसाने बशीतला चहा पिता पिता शिकवली.

आणि या माणसाचा स्वतःचा नंबर? एकावन्न. शेवटच्या खिळ्यावर, कायम. त्यांची वस्ती वणा नदीच्या काठी, सखल भागात. पूर आला की पाणी कुठपर्यंत चढलं त्याची खूण ते घराघराच्या भिंतीवर रंगाने करून ठेवत. कुठल्या गल्लीत आधी शिरलं, कुठून ओसरलं, हे सगळं वह्यांमध्ये. त्यांना एकच गोष्ट हवी होती... पाणी चढायला लागलं की लोकांनी कुठल्या वाटेने निघायचं. सगळी वस्ती नाल्याच्या पुलाकडे धावते. त्यांना दाट संशय होता की पूलच आधी बुडतो आणि जुन्या जिनिंगचं आवार सगळ्यात शेवटी. संशयावर लोक घर सोडत नाहीत. म्हणून हे गणित. विद्यापीठातल्या एका मॅडमशी फोनवर बोलून बोलून त्यांनी ते दोन वर्षांत मांडलं. पाण्याचं गणित सलग, ते फोडून त्याच्या बंड्या करता येत नव्हत्या. पण कोणी नवा आला की एकावन्न नंबर पुन्हा मागे. "यायच्या डिग्र्या अडकल्या हायेत, सर. नदी काई आजच येऊन नाई राह्यली."

आता माझा पराक्रम सांगतो. मागच्या वर्षी नवरात्राच्या दहा दिवस आधीपासूनच कॉलेजला सुट्ट्या, सगळे बिल्ले आपापल्या मालकांच्या घरी. खंडेनवमीच्या सकाळी मनोहरभाऊ ज्योतीकडे देवळीला गेलेले, किल्ली माझ्याकडे. मला कल्पना सुचली, आणि मला कल्पना सुचली की आसपासच्यांनी सावध व्हावं! भाऊ नेहमी सांगायचे की जिनिंगमध्ये खंडेनवमीला यंत्रं थांबवायचे, पुसायचे आणि मग पुजायचे, चालत्या यंत्राला कुंकू लावायचं नाही. म्हटलं, त्यांना चकित करू. झेंडूचा पाच हात लांब हार, हळद, कुंकू, नारळ, पेढे असा सरंजाम घेऊन मी खोलीत शिरलो. फळी पाहिली. सगळे खिळे रिकामे, शेवटी तेवढा एकावन्न. तो तर तिथे असतोच. म्हणजे काही चालू नाही; सुट्टीत सकाळची यादी मी उघडतच नव्हतो. मी नमस्कार केला आणि मोठं बटण बंद केलं.

दुपारी ते परत आले. कपाट झेंडूने न्हालेलं आणि खोली एकदम गप्प. ते दारातच थांबले.

"सर, मशीन काऊन बंद हाये?"

"पूजा! तुमच्या जिनिंगसारखी, थांबवून!" मी पेढ्यांचा डबा पुढे केला.

"माझं चालू होतं नं," ते हळूच म्हणाले. "समोर कोनी नव्हतं, म्हून शेवटचाच पयला."

"किती दिवस झाले होते?"

"सतरा."

अर्धवट गणित मधूनमधून साठवून ठेवायला ते आम्हा प्रत्येकाला बजावत. पण साठवायची जागा थोडी, तीही त्यांनी आमच्यात वाटून टाकलेली. स्वतःसाठी ठेवलीच नव्हती. सतरा दिवस गेले. मी हार ओरबाडायला गेलो तर माझा हात धरला. "राहू द्या. हार चांगला हाये." एक पेढा तोंडात टाकला आणि बटण चालू केलं. सुट्टी संपत आली होती, दोन दिवसांत रांग पुन्हा भरली, आणि एकावन्न होता तिथेच राहिला. मी काकुळतीला येऊन म्हणालो, "भाऊ, माझा नंबर तुम्ही घ्या." तर हसले. "आज तुमचा घेतला, तं उद्या प्राचार्य मागतीन, परवा कोना मंत्र्याचा भाचा. तुमचा नंबर तुमचा." त्यानंतर निवृत्त झाले तरी रोज येत राहिले. पण एकावन्नची पाळी आली नाही... आणि मग तो मंगळवार.

तेराव्यानंतर आम्ही चौघे, म्हणजे तेव्हाची सगळी रांग, त्या खोलीत जमलो. संगणकाच्या रांगेत त्यांचं नाव अजून होतं, आमच्या सगळ्यांच्या मागे. पासवर्ड आता माझ्याकडे. मी खुर्ची ओढली. "एक ओळ बदलतो, भाऊ सर्वांच्या पुढे!"

"सर, हात लावून तर पाहा!" वैशाली कडाडली. "भाऊ वरून उतरतीन अन् तुमचा बिल्ला फेकून देतीन."

ते खरंच होतं. मी हात मागे घेतला. वैशालीचा प्रबंध तोंडावर आलेला, पहिला नंबर तिचाच. ती उठली, फळीपाशी गेली, आपला बिल्ला काढला आणि पर्समध्ये टाकला. "माझं पुढच्या महिन्यात चालते." आष्टीचे कुरेशी सर उठले. मग वर्ध्याच्या मॅडम. मग मी, नाक पुसत. पाच मिनिटांत फळी रिकामी. कोणाला ओलांडलं नाही, एकही नियम मोडला नाही, आणि शेवटचाच पयला! साठवायला जागा हवी म्हणून आम्ही आपापल्या जुन्या फायली उडवल्या. कपाटातले पंखे घरघरले तेव्हा मी टाळ्या पिटल्या, अगदी नाटकाचा पडदा उघडल्यावर पिटतात तशा.

मग सकाळी सातची यादी मी पाठवू लागलो. 'चालू: मनोहर उगेमुगे. पुढे: कोणी नाही.' सतराव्या दिवशी मी खोलीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसलो, न जाणो, कोणी माझ्यासारखा भाविक यायचा! चोविसाव्या दिवशी, कॉलेजची घंटा होता होता, गणित संपलं. पडद्यावर सगळी वस्ती, गल्ली न् गल्ली, आणि तिच्यात चढत जाणारा निळा रंग. ज्योतीला बोलावलं होतं. तिने वह्या उघडून भिंतीवरच्या खुणा एकेक ताडून पाहिल्या. जुळत होत्या! पूल निळा झाला तो सगळ्यात आधी. आणि सगळं बुडत आलं तरी मध्ये एक चौकोन कोरडा... जिनिंगचं आवार. जिथे बंड्या उभ्या राहायच्या तिथेच. "बाबा बरोबर होते," एवढंच ती म्हणाली, आणि मग आम्ही सगळेच ओरडलो. परवा वस्तीतल्या बाया त्या नकाशाची मोठी प्रत घेऊन आवारापर्यंत चालून आल्या, किती मिनिटं लागतात ते मोजत.

फळीवर पुन्हा बिल्ले लागलेत. एकावन्न काढायला कोणाचा हात धजला नाही. यादीतही मी तो रोज लिहितो, सगळ्यात खाली. गेल्या आठवड्यात एक नवीन मुलगी आली, सेलूची, पहिलंच गणित. मी बिल्ला दिला, तिने तो खिळ्यावर अडकवला आणि पडेल चेहऱ्याने फळीकडे बघत राहिली.

"सर, मी सगळ्यात शेवटी का?"

"नाही गं," मी म्हटलं. "तुझ्या मागे एक जण आहेत."