मागच्या रांगेतले हाफिजजी

हाफिजजींना कुणी स्वप्न सांगितलेलं चालत नसे. जुन्नरात तेव्हा स्वप्नं पडणाऱ्यांना तोटा नव्हता आणि त्यांचा अर्थ लावणाऱ्यांनाही. पण दाढीवाला माणूस दिसला की लोक हक्काने त्याच्याकडेच येत. बोरी बुद्रुकचा एक शेतकरी गादी भरून घ्यायला आला आणि सांगू लागला, "हाफिजजी, सपनात पांढरा बैल दिसला, इहिरीत उतरत व्हता." हाफिजजींनी हातातलं काम न थांबवता विचारलं, "रातच्याला काय खाल्लं व्हतं?" तो म्हणाला, "भाकर आन् हुलग्याचं माडगं." "मंग लई खाल्लं व्हतं," हाफिजजी म्हणाले, "गादी परवा घेऊन जावा."

ते पिंजारी होते आणि आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीचे हाफिजही, म्हणजे अख्खं कुराण त्यांना तोंडपाठ. आम्हाला ते दुकानातच शिकवीत. एका बाजूला कापसाचा ढीग, दुसऱ्या बाजूला आम्ही चारपाच पोरं, आणि मध्ये पिंजणीच्या ताणलेल्या दोरीचा, तातेचा, तो टण्ण-टण्ण आवाज. पोरगं बरोबर म्हणत असलं की तात वाजत राही. एखादा शब्द चुकला की आवाज बंद. छडीपेक्षा आम्हाला त्या शांततेची भीती जास्त. घरी गेलो की आई डोक्यावरचा कापूस झटकत म्हणायची, "आज लई चुकला वाटतं, डोस्कं पांढरं झालंय." पिंजण थांबली की कापूस उडायचाही थांबतो, हे तिला कुणी सांगावं!

त्यांची एकच खंत होती आणि ती त्यांनी फक्त मला सांगितली. त्यांना कुराण पाठ होतं, पण अरबी येत नव्हती. शब्द न् शब्द जिभेवर, अर्थ मात्र इकडून तिकडून ऐकलेला. तरुणपणी उत्तरेकडच्या मोठ्या मदरशात जाऊन आलिम, म्हणजे धर्मपंडित, व्हायचं त्यांच्या मनात होतं, पण वडील वारले आणि पिंजण गळ्यात आली. मला कुराण पुरं पाठ झालं त्या दिवशी त्यांनी मला जवळ बसवलं. "इसाक, आता तू जा. तिकडं शिक. आनि परत येऊन मला सांग, मी आयुष्यभर काय म्हनत व्हतो ते."

जायची वेळ यायला तीन रमजान गेले. पहिली निवडणूक नुकतीच होऊन गेली होती, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मला दोन मदरशांकडून होकार आला होता. एक तो उत्तरेकडचा. तिथे हदीस, म्हणजे पैगंबरांची वचनं, शिकवणारे उस्ताद असे की लांबून लांबून मुलं येत. पण वाट इतकी लांब की एकदा गेलेला पोरगा रमजानच्या सुट्टीलाही घरी येईल याचा भरवसा नाही. दुसरा गुजरातेतला, नवा. तिथून दर रमजानला घरी येता आलं असतं, पण शेवटच्या वर्गांची सोय नव्हती. अब्बा फळांचे व्यापारी, मंचरच्या बाजाराला जाणारे. त्यांचा हिशेब साधा. "पोरगं डोळ्यांम्होरं असलं म्हंजी झालं." हाफिजजींना हा हिशेब मुळीच पसंत नव्हता. अर्धवट हकीम जिवावर उठतो, अर्धवट मुल्ला ईमानावर, ही म्हण ते अब्बांना भेटतील तेव्हा ऐकवत, आणि अब्बा दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे मान डोलावत.

रमजान लागला आणि सगळंच अवघड झालं. रमजानात दर रात्री शेवटच्या नमाजानंतर तरावीह असते. महिनाभरात हाफिज त्यात सगळं कुराण म्हणतो. तो पुढे, त्याच्या पाठीशी दुसरा एक हाफिज. पुढच्याला आठवेना किंवा चुकलं, तर मागच्याने हळूच बरोबर शब्द द्यायचे. याला लुकमा म्हणतात, लुकमा म्हणजे घास. हाफिजजींच्या मागे मी उभा असे. आधीच्या रमजानांत मला घास भरवायची वेळ क्वचितच आली होती. त्या वर्षी पहिल्याच आठवड्यात ते अडखळले. मग रोज. कुराणात सारख्या वळणाच्या आयती, म्हणजे वचनं, पुष्कळ. घाटघरला निघालेला माणूस भलत्याच पायवाटेला लागावा, तसे ते एका आयतीवरून दुसरीकडेच निघून जात. मी परत आणी, ते पुन्हा जात. घामाने माझा सदरा पाठीला चिकटे. मागच्या रांगेतून कुणीतरी खाकरे, आणि मला त्या खाकरणाऱ्याचा गळा धरावासा वाटे.

दुसऱ्या दिवशी दुकानात ते काहीच घडलं नाही असे वागत. फक्त पिंजण जास्त जोरात चाले.

मी मनाशी ठरवलं. गुजरातेत जायचं. दर रमजानला यायचं आणि हाफिजजींच्या मागे उभं राहायचं. दुसरं कोण होतं? पण हे त्यांना सांगायचं कसं? आमच्यात अडचणीच्या वेळी इस्तिखारा करतात. दोन रकात नमाज पढून अल्लाहला म्हणायचं, माझ्या भल्याचं असेल तिकडे माझं मन वळव. कुणाला मग स्वप्नही पडतं. मी इस्तिखारा केला आणि हाफिजजींना जाऊन सांगितलं की कौल गुजरातेचा आला. वर, जरा जोर यावा म्हणून, स्वप्नात हिरवं शेत आणि तापी नदी दिसल्याचंही सांगितलं.

तात थांबली.

"तापी तू कदी बघितली?"

मी खाली बघत सदऱ्यावरचा कापूस वेचू लागलो.

"इस्तिखारा कुनी करायचा? जो दोन्हीकडं जायला तयार हाय त्यानं. तुजं मन आदीच ठरलंय. मंग अल्लाहला नुसती सही करायला बोलवतो व्हय?" मग आवाज उतरवून म्हणाले, "माज्यापायी ना?"

मी कापूस वेचतच राहिलो. त्यांना उत्तर मिळालं. ते उठले, दुकानाच्या दारात जाऊन उभे राहिले आणि माझ्याकडे पाठ करून रस्त्याकडे बघत राहिले.

ईदच्या दिवशी नमाजानंतर त्यांनी सगळ्या मोहल्ल्यासमोर सांगून टाकलं, "म्होरल्या रमजानला नाशिककडचा एक तरुण हाफिज येनार हाय. त्यो म्होरं उभा ऱ्हाईल. मी म्हागं." लोक चकित. इतकी वर्षं त्या जागेवर दुसऱ्या कुणाचं पाऊल पडलं नव्हतं. अब्बांनी विचारलं, "असं का हो, हाफिजजी?" तर म्हणाले, "पाय दुखत्यात." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माजी सोय झाली. आता इस्तिखारा कर, आन् खरा कर."

मला त्यांचा फार राग आला. आपण कुणासाठी काही करू पाहतो आणि समोरचा त्याची गरजच पुसून टाकतो, याचा राग. तो अजून पुरता गेलेला नाही. पण मी उत्तरेला गेलो. एसटीवर त्यांनी एक जाड रजई आणून दिली. "तिकडं थंडी लई असती म्हनत्यात." गाडी मंचरपुढच्या पेठला थांबेपर्यंत मी त्या रजईत तोंड खुपसून बसलो होतो, भर उन्हाळ्यात.

मधल्या वर्षांत एकदाच येणं झालं. मी त्यांना एका लहानशा सूरेचा, म्हणजे अध्यायाचा, अर्थ सांगितला. रोजच्या नमाजात हजारदा म्हटलेली. ते ऐकून म्हणाले, "येवढंच? मला वाटलं व्हतं, लई मोटं असंल." मी खट्टू झालो. दुसऱ्या दिवशी सकाळीच निरोप आला, दुकानात ये. पिंजण हातात धरून नुसते बसले होते. "काल दिसभर तेच डोस्क्यात व्हतं," ते म्हणाले. "मोटं हाय रं, इसाक. लई मोटं हाय. बाकीचं लवकर घेऊन ये."

बाकीचं घेऊन मी आलो तेव्हा हाफिजजी नव्हते. रमजानच्या दोन महिने आधी गेले. सांगायला माझ्याकडे आता सगळं होतं आणि ऐकायला ज्याला हवं होतं तो माणूस नव्हता. दुकानासमोरून जाणं मी कित्येक दिवस टाळलं.

अब्बा म्हणाले, "ह्या साली तूच म्होरं उभा ऱ्हा. नाशिकवाला मानूस भला, पन लई कच्चा. श्येवटची दोन सालं तर हाफिजजी म्हागून सारका लुकमा द्यायचे, म्हनून निभावलं." मोहल्ल्यात सगळे हेच म्हणत होते.

नाशिकचा हाफिज रमजानच्या आदल्या दिवशी आला. शांत, हसतमुख माणूस. मी त्याला सरळच विचारलं, खरंच इतकं चुकायचं का. तो आधी टाळत राहिला. मग म्हणाला, "सुरुवातीला मी चुकायचो आणि हाफिजजी बरोबर शब्द द्यायचे. शेवटी शेवटी मी बरोबर असायचो तरी ते द्यायचे. शब्द भलत्याच ठिकाणचे असत."

"मग तुम्ही काय करायचा?"

"थांबायचो. आणि माझीच आयत पहिल्यापासून पुन्हा म्हणायचो. त्यांना वाटायचं, मी सुधारलं. नमाज संपला की माझ्याकडे बघून मान हलवायचे. खूश असायचे."

"आणि लोक तुम्हाला कच्चा म्हणतात ते?"

"म्हणू देत की."

मी अब्बांना सांगितलं की यंदाही यांनाच पुढे उभं राहू द्या, मी मागे राहतो. अब्बा नाराज झाले. लोकही कुरकुरले, एवढा शिकून आला आणि मागे उभा राहतो म्हणून. हाफिजजी ज्या जागी उभे राहत तिथे मी महिनाभर उभा राहिलो. एकदाही लुकमा द्यावा लागला नाही.