पांढरे जोडे

घुग्घुसात पांढरं घालणारा माणूस एक तर पाहुणा असतो, नाहीतर वेडा. खाणीची धूळ दाराखालून येते, खिडकीच्या फटीतून येते, वाढलेल्या भातावरही बसते. तरी रीताबाईच्या दोरीवरचे कपडे बगळ्यासारखे पांढरे असायचे. बुद्ध पौर्णिमेला वस्तीतल्या बाया विहारात तिच्या साडीकडे आधी बघत, मग वंदनेला बसत. साबण, नीळ, खळ, कडक ऊन! एवढ्यावर तिने आयुष्यभर कोळशाशी भांडण केलं.

तिची मुलगी दिव्यानी दहाव्या वर्षापासून चंद्रपूरला मयुरी मॅडमकडे बॅले शिकत होती. वस्तीत आधी हसाहस झाली. "लग्नात नाचाची का हे?" बाया विचारत. "मंग? तुमच्या लग्नात नाई नाचत म्हणा ते," रीताबाई फटकन सांगायची. दिव्यानीचा बाप आदेश, खाणीतला कामगार. पाळी सुटली की काळ्या तोंडानेच तो लेकीला मोटरसायकलवर क्लासला सोडायचा.

दिव्यानी सोळा वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात मॅडमनी सहा आठवड्यांचं शिबिर ठेवलं. सकाळी सात ते दुपारी दोन. शेवटी मुंबईचे परीक्षक येणार आणि एका मुलीला दोन वर्षं मुंबईत राहून शिकायला नेणार. एकच जागा होती. दिव्यानीला ती हवी होती, अगदी हावरटासारखी हवी होती.

पहिल्या दोन आठवड्यांत मॅडमनी तिच्याकडून आठ वर्षांच्या पोरींसारखी उजळणी करून घेतली. सहा वर्षं शिकलेलं चुकीचं, हे ऐकून ती रागाने रडली. तिसऱ्या आठवड्यात अंगठ्याची नखं काळीनिळी पडली. मॅडम म्हणायच्या, "पाय काय बोंबलायचं ते बोंबलू दे, चेहऱ्याने चहाडी करायची नाही." पाचव्या आठवड्यात ती पायाच्या टोकावर उभी राहिली आणि गिरकी घेऊन हलली नाही. मॅडमनी कपाटातून कोरे गुलाबी जोडे काढून तिच्या हातात दिले, परीक्षेसाठी. नाचून नाचून तिच्या जुन्या जोड्यांची टोकं मऊ पडली होती.

या जोड्यांचं टोक दगडासारखं टणक असतं. साऱ्या देहाचा भार त्यावर.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सराव करून दिव्यानी बापाच्या मागे बसून घरी आली. जोडे पिशवीच्या बाहेर लटकत होते. रस्त्यावर कोळशाचे ट्रक होते. घरी येऊन ती जेवली आणि मेल्यासारखी झोपली.

सकाळी परीक्षेच्या हॉलवर तिने आईने बांधून दिलेली रुमालाची पुरचुंडी सोडली, तर जोडे गुलाबीचे जवळजवळ पांढरे झालेले. निळीचा वास येत होता. तिने टोक दाबलं. अंगठा आत गेला.

"काल दुपारीच धुतले," शेजारी उभी रीताबाई कौतुकाने म्हणाली. तिने पौर्णिमेची साडी नेसली होती. "काळेकुट्ट झाल्ते वं. छतावर वाळवले. पाह्य कशे चकाचक दिसून राह्यले!"

त्या टोकाच्या आत कापड आणि कागदाचे थर असतात, खळीने चिकटवलेले; पाण्यात ते सुटतात. जन्मभर खळ घालणाऱ्या बाईला हे कुणी सांगितलंच नव्हतं. दिव्यानीनेही नाही.

मॅडमना सांगता आलं असतं. मॅडमनी विचारलं असतं, कुणी धुतले? आणि आई तिथेच होती, इस्त्रीची घडी सांभाळत, पहिल्या रांगेत बसायला निघालेली.

"मस्त दिसते, आई," दिव्यानी म्हणाली आणि फिती बांधल्या.

तिसऱ्या गिरकीला टोक दुमडलं. घोटा मोडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. जोडा उतरवताना मॅडमच्या बोटांना तो मऊ लगदा लागला. त्यांनी वर पाहिलं. दिव्यानीने मान हलवली, नाही म्हणून. मॅडम गप्प बसल्या. ते उपकार होते की काय, हे दिव्यानीला आजही ठरवता आलेलं नाही.

मुंबईला दुसरी मुलगी गेली. घोट्यात दोन स्क्रू बसले. डॉक्टरांनी चाल म्हणून सांगितलं, टोकावर उभी राहू नको म्हणून सांगितलं. आता ती चोवीस वर्षांची आहे, चंद्रपुरात कापडाच्या दुकानात दिवसभर उभी असते. पावसाळी हवेत घोटा ठणकतो. मुंबईच्या त्या जागेचं दुःख गेलेलं नाही, आणि ते कुणाजवळ बोलायची सोय नाही.

जोडे घरात काचेच्या कपाटात आहेत. रीताबाई दर बुद्ध पौर्णिमेला ते काढते, पांढऱ्या कपड्यांबरोबर धुते आणि दोरीला टांगते. शेजारणीला सांगते, "पाय मोडला माया पोरीचा, नशीबच फुटकं. पण पाह्य, जोड्याले एक डाग नाई लागू देला मी."

संध्याकाळी दोरीवरचे जोडे काढायचं काम दिव्यानीचं. या वर्षीही तिने काढले.

"वाळले का वं?" आईने आतून विचारलं.

"हो, आई. मस्त निघाले," ती म्हणाली.